मानकऱ्यांचा बाक

सासूबाईंना खुर्चीवर बसवायचं तर आधी शेजारणींना खुर्चीवर बसवायला हवं, हे माझ्या लक्षात यायला एक अख्खा पावसाळा गेला. लक्षात आल्यावर मात्र मी वेळ घालवला नाही.

सासूबाईंचे गुडघे गेले होते. मालवणच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, यापुढे मांडी घालायची नाही, उकिडवं बसायचं नाही, विळीवर तर मुळीच नाही. खुर्चीवर बसायचं. सासूबाईंनी डॉक्टरांसमोर मान हलवली आणि घरी आल्यावर मला विचारलं, "खुर्चयेर बसान मी काय करू? सह्या?"

आमचं घर धामापूरच्या वाटेवर. चिऱ्याच्या भिंती, वर नळ्यांची कौलं आणि पुढच्या बाजूला उंबरठ्याबाहेर लांबलचक उघडी पडवी. तिला आमच्याकडे लोटा म्हणतात. खळ्यातून, म्हणजे अंगणातून, दोन-चार पायऱ्या चढलं की लोटा आणि लोट्यावरून उंबरठा ओलांडला की घर. दुपारची जेवणं आवरली की शेजारच्या बायका तिथे जमत. हातात काहीतरी काम असे. वैशाखात कोकमासाठी रातांबे फोडायचे, त्याआधी चिंचा, श्रावणात वाती. काम हे सांगायला. खरं म्हणजे गावात कोणाचं काय चाललंय याचा हिशेब तिथे रोजच्या रोज पुरा होत असे आणि शेवटचा शब्द सासूबाईंचा असे. सगळ्या जणी चटईवर, जमिनीवर.

डॉक्टरांचं ऐकून आम्ही ह्यांची लाकडी घडीची खुर्ची त्या घोळक्याच्या मधोमध मांडली. सासूबाई बसल्या. शेजारची काकी, जिची जीभ तिच्या विळीपेक्षा धारदार होती, चिंच सोलता सोलता वर बघून म्हणाली, "काय गो, आज कोर्ट भरलां? आमी आरोपी मा?"

सगळ्या हसल्या. सासूबाईही हसल्या आणि कसंबसं माझ्या खांद्याला धरून उठल्या. परत त्या खुर्चीवर बसल्या नाहीत. "लोकां खाली आणि मी वर, ह्यां माका जमाचा नाय," एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्या माजघरातल्या कॉटवर पडू लागल्या. कोणी विचारलं तर झोप येते म्हणून सांगत. झोप कसली येतेय. बाहेर हसण्याचा आवाज झाला की त्यांच्या हातातला पंखा थांबे, तो मी बघत असे. हळूहळू बायकांचं येणंही कमी झालं. जिच्यासाठी यायचं तीच आत, मग कशाला यायचं? काहीजणी काकीच्या पडवीत बसू लागल्या. त्या दुपारच्या दोन-तीन तासांवर सासूबाईंचा सगळा दिवस उभा होता. ते गेले की खाटेवरचं म्हातारपण सुरू, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मी गावात बालवाडी चालवत असे. सकाळी जायची, दुपारी जेवायला घरी. बालवाडीत पहिल्याच आठवड्यात शिकलेली गोष्ट अशी की, एका मुलाला रंगीत खडू दिला की सगळ्यांना द्यावा लागतो. नाहीतर ज्याला दिला तोच सगळ्यात आधी रडतो, कारण बाकीचे त्याच्याकडे बघत राहतात. इतकी साधी गोष्ट मी घरात लावून पाहिली नव्हती. सासूबाईंना वर बसायचं नव्हतं असं नाही, एकट्याने वर बसायचं नव्हतं.

मग मी वहीच्या मागच्या पानावर काय काय लागेल ते लिहून काढलं. सगळ्या बसतील इतक्या जागा, आणि सगळ्या एका उंचीच्या. पाय जमिनीला टेकले पाहिजेत, नाहीतर काकीचे लोंबकळतील आणि ती दुसऱ्या दिवशी चटई मागेल. हातातलं काम ठेवायला मध्ये काहीतरी. आणि सासूबाईंच्या जागेला धरायला भक्कम हात, कारण त्यांना बसण्यापेक्षा उठण्याची लाज वाटत होती. चारचौघींत कोणी उचलून उभं करणं त्यांना नको होतं. उंची किती हवी हे कळायला मी त्या आडव्या पडल्या असताना सुंभाचा तुकडा घेऊन त्यांची टाचेपासून गुडघ्यापर्यंत मापं काढली.

"माझा तिरडेचा माप घेतंस काय गो?" त्या डोळे न उघडता म्हणाल्या.

"खुर्चयेचा."

"तां एकच."

नवं फर्निचर घेण्याचा प्रश्नच नव्हता. नवीन वस्तू आली असती तर सासूबाईंनीच ती पाहुण्यांसाठी म्हणून चादरीखाली झाकून ठेवली असती. जुनं, दुसऱ्याच्या घरात वापरून झालेलं सामान मात्र त्यांना चालत असे. त्याला जपावं लागत नाही.

वेंगुर्ल्यात एका डॉक्टरांनी दवाखाना बंद केला होता. तिथल्या बाहेरच्या खोलीतल्या वेताच्या खुर्च्या ह्यांनी एसटीच्या टपावर टाकून आणल्या. सांगाडे चांगले होते, बसायचा भाग पार फाटलेला. वेत विणणारा शोधत बसण्यापेक्षा मी प्लॅस्टिकची वायर आणली. तेव्हा घरोघर वायरच्या पिशव्या विणल्या जात, मीही डझनावारी विणल्या होत्या. पिशवीला लागतो तोच टाका, फक्त ताण जास्त द्यायचा. हिरवा आणि पांढरा असे पट्टे घेतले. बोटं सोलवटली, पण खुर्च्या अशा झाल्या की वर पितळी घागर आपटली तरी उडून आली असती.

माहेर माझं मिठबावचं. तिथे माळ्यावर एक कठड्याची खाट मोडून पडली होती. भावाने ती आंब्याच्या टेंपोतून परतीच्या वाटेवर पाठवली आणि सोबत रिकाम्या पेट्याही दिल्या. खाटेची एक बाजू कापून काढली, उरलेल्या तीन बाजूंना पाठ आणि हात समजलं, की झाली बैठक. पाय सुंभाच्या मापाने कापले. आमचा सुतार लाकडाचा पाय कापायला कधीच खूश नसे. "वैनी, वाढवक सांगा, कापूक सांगू नका," तो म्हणे. पेट्यांचं टेबल केलं आणि त्याला निळा रंग दिला, होडीला देतात तो, कारण काकीच्या घरी डब्याच्या तळाशी तोच उरला होता. गाद्यांमध्ये सावरीचा कापूस भरला. तो वेचून बिया काढण्याचं काम मी मुद्दाम सासूबाईंकडे दिलं, म्हणजे आपल्याच बैठकीला नकार देणं त्यांना अवघड जाईल. खोळी त्यांच्या जुन्या लुगड्यांच्या.

इतकं झालं तरी सासूबाईंची स्वतःची जागा राहिली होती. खुर्च्यांचे हात बारीक, त्यांना धरून जोर दिला की कुरकुरत. खाटेच्या बैठकीत माणूस मागे रेलतो, मग उठणं मुश्किल. कुडाळजवळच्या एका वखारीत जुनं लाकूड विकत. तिथे ढिगाखाली मला एक बाक सापडला. लांब, जड, तेलाने आणि धुराने काळाकुट्ट. त्याचे हात मात्र मनगटाएवढे जाड आणि पुढे गोल वळलेले, पकडायला अगदी हवे तसे. मी सुंभ लावून बघितला. जवळपास तीच उंची. घेऊन टाकला. वखारवाल्याने कुठून आला ते सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

सुताराने पटाशीने वरची काजळी खरवडली, मी आणि सासूबाईंनी काचकागदाने घासला. खालून फणसाचं पिवळं लाकूड निघालं. खोबरेल चोळल्यावर मधासारखा रंग चढला. हाताच्या टोकांना कमळं कोरलेली होती, ती टाचणीने साफ करावी लागली. सासूबाई आता दुपारी झोपत नव्हत्या. एका हाताने कमळ घासत दुसऱ्या हाताने मला कुठे राहिलं ते दाखवत. एका रविवारी आम्ही सगळं लोट्यावर नेऊन मांडलं. बाक भिंतीला, समोर खुर्च्या, बाजूला खाटेची बैठक, मध्ये निळं टेबल. मी काकीला निरोप धाडला की, आजपासून सगळ्यांनी वर बसायचं आहे.

काकी बाकीच्या बायकांना घेऊन आली, पायरीवरूनच तिने बाक बघितला आणि थांबली. वर आली ती थेट बाकाच्या उजव्या हाताशी. कमळाच्या खाली एक खाच होती. ती आम्हाला वाळवीने खाल्लेली वाटली होती.

"ह्यो खंय मेळलो?" काकीने विचारलं. आवाजात नेहमीची टोचणी नव्हती.

मी सांगितलं.

"ह्यो मानकऱ्यांचो बाक. देवळातलो. ही खाच दिसता मा? हयसर पालखेची दांडी टेकवत."

गावच्या देवळाचा सभामंडप मागच्याच वर्षी सिमेंटचा केला होता. जुनं लाकूड लिलावात गेलं, ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. पण तो बाक आम्ही काळा बघितला होता आणि तोही लांबून. उत्सवात त्यावर मानाची घरं बसत, त्यातलेही पुरुष. बायका खाली, खांबापलीकडे. सासूबाईंनी घासता घासता तो ओळखला नाही, कारण एवढ्या जवळ त्या कधी गेल्याच नव्हत्या.

कोणीच बसलं नाही. सासूबाईंनी बाकाला हात लावून कपाळाला लावला आणि आत जाऊन कॉटवर पडल्या. पंखा हातात घेतला नाही. काकीने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी मुद्दाम केलं होतं, आणि सगळ्याच निघून गेल्या.

रात्री जेवताना हे म्हणाले, "परत वखारीत देऊया."

"देवाचो बाक वखारीत?" सासूबाई आतून म्हणाल्या. "कौल लावया. देवाक इचारूया."

मी वाद घातला नाही. बाक परत देणं म्हणजे सगळी बैठक परत देणं, हे मला कळत होतं. आता जर हे मोडलं तर सासूबाई पुन्हा कशाला तयार झाल्या नसत्या. विचारून होकार आला तर बरंच. सोमवारी ह्यांनी अर्धी रजा टाकली आणि आम्ही तिघं देवळात गेलो. सासूबाई काठी टेकत, मध्ये बसत, चालत. वाटेत हे म्हणाले, "आमच्या कचेरीत खुर्चयेक वरसून मंजुरी लागता, तशीच ही. फक्त हयसर उत्तर त्याच दिवशी मेळता."

"तोंड आवर," त्यांची आई म्हणाली.

कौल लावतात तो असा. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या कळ्या चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालून प्रश्न विचारतो. उजवीकडची कळी आधी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. गुरव आमच्या ओळखीचा, म्हातारा, कडक. त्याने कळ्या लावल्या आणि हात जोडून म्हणाला, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकरांनी नकळत तुझो बाक घराक नेल्यानी. तो घरात ठेवूक तुझी परवानगी आसा काय, तां सांग म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," आम्ही तिघांनी म्हटलं.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग डावी कळी घसरली आणि खाली पडली.

मला वाटलं, झालं. मी मनातल्या मनात टेंपो ठरवायलाही लागले. पण सासूबाई जागच्या हलल्या नाहीत.

"गुरवानू, तुमी 'घरात' म्हणालात," त्या म्हणाल्या. "बाक घरात खंय आसा? तो लोट्यार आसा."

"लोटो म्हणजे घरच मा?"

"कसा काय? लोट्यार पोस्टमन येता, वासुदेव येता, पावसात आडोशाक कोणय येता. तो काय आमच्या घरात इलो? घर उंबऱ्याच्या आत."

गुरव विचारात पडला. हे माझ्याकडे बघून हसू दाबत होते. शेवटी गुरवाने विचारलं, "मगे काय सांगू देवाक?"

"सांगा, लोट्यार येणाऱ्या-जाणाऱ्याक बसाक ठेवलो तर चलात काय."

"येणाऱ्या-जाणाऱ्यात बायलमाणसां पण येतली."

"मगे? वाटेर काय बापयेच चलतत?"

गुरवाने नव्या कळ्या लावल्या. गाऱ्हाणं पुन्हा घातलं, या वेळी लोट्याचं नाव घेऊन. "व्हय म्हाराजा" म्हणताना माझा आवाज जरा मोठाच निघाला. उजवी कळी पडली, लगेच.

"झाला," गुरव म्हणाला. "पण नीट आयका. येणाऱ्या-जाणाऱ्यासाठी मागलास. घरच्या माणसान त्येच्यार बसाचा नाय."

सासूबाईंनी मान हलवली, अगदी डॉक्टरांसमोर हलवली होती तशी.

परतताना मला एकच गोष्ट खुपत होती. जिच्यासाठी हे सगळं मांडलं तिनेच स्वतःला वगळून परवानगी आणली होती. शेवटी राहवेना. "आई, तुमी तुमच्यासाठीच कित्याक नाय इचारलात?"

"आणि डावी पडली असती तर?" त्या म्हणाल्या. "मगे वाटच बंद."

मला त्यातून काहीच उमगलं नाही. मी आपली खुर्चीच्या हातांना आतून लोखंडी पट्टी मारून घेता येईल का, या विचाराला लागले.

मंगळवारी दुपारी बायका आल्या. होकाराची बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. काकी बाकावर बसली, आधी टोकावर, मग जरा मागे सरून, मग ऐसपैस. "मानकरीण झालंय गो," ती म्हणाली. बाकीच्या खुर्च्यांवर आणि खाटेवर बसल्या. वायरचा पट्टा बोटाने दाबून बघितला, निळ्या टेबलावर चिंचा ओतल्या. बाकावर काकीच्या शेजारची जागा रिकामी होती. मी सासूबाईंना बोलवायला माजघरात गेले तर कॉट रिकामी. स्वयंपाकघरात नाहीत. मागचं दार उघडं.

मी बाहेर धावले. त्या घराला वळसा घालून, काठी टेकत, कपडे धुवायच्या दगडाच्या बाजूने, फणसाखालून पुढे चालल्या होत्या. मी हाक मारली तर मागे न बघता हात हलवला. खळ्यात आल्या. पायऱ्यांशी थांबून त्यांनी पदर सारखा केला.

"आसत काय गो घरात कोण?" त्यांनी विचारलं.

लोट्यावर क्षणभर कोणाला कळेना. मग काकी म्हणाली, "आसत. येवा, बसा. खंयसून इलास?"

"हयसूनच. जाता जाता म्हटला जरा टेकूया."

त्या पायऱ्या चढल्या, बाकावर बसल्या आणि हात कमळावर ठेवला. सगळ्या इतक्या हसल्या की काकीच्या ओटीतल्या चिंचा जमिनीवर गेल्या. संध्याकाळी उठायची वेळ झाली तेव्हा सासूबाईंनी बाकाचा हात धरला, जोर दिला आणि आपल्या आपण उभ्या राहिल्या. कोणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं.

त्यानंतर ही रोजची रीत झाली. मी माझ्या बाजूने काय करायचं ते केलं. धुण्याच्या दगडापाशी शेवाळ होतं, तिथे चिरे टाकून घेतले. पायऱ्यांना खाटेची उरलेली बाजू उभी ठोकून कठडा केला, सुताराला या वेळी कापायला सांगावं लागलं नाही म्हणून तोही खूश. पावसासाठी मागच्या दारापासून फणसापर्यंत माडाच्या झापांचा मांडव घातला. ह्यांना बाकावर बसता येई ते कचेरीतून परतल्यावर, चपला न काढता. एकदा आत गेले की संपलं. रविवारी ते बाकाकडे बघत खुर्चीवर बसत. मीही बालवाडीतून आले की पिशवी मांडीवर घेऊन तिथे जरा टेकत असे. उंबरठ्याच्या आत गेल्यावर माझ्या नावावर काय काय कामं आहेत ते बाहेर बसल्यावर आठवत नसे.

सासूबाईंनी मात्र येणाऱ्या-जाणाऱ्याचं सगळं मनावर घेतलं. पाहुणी म्हणून आल्यावर पाहुणीसारखंच वागायचं. गुळाचा खडा आणि पाणी आधी, मग चहा. मी लगबगीने आणून दिलं नाही तर काकीला विचारत, "ह्या घरात पाण्याची टंचाई आसा काय?" कोकमाच्या सरबताला मीठ कमी आहे, तुळशीला पाणी घातलेलं दिसत नाही, हे सगळं पाहुणी म्हणून सांगत, आणि पाहुणीला उलट बोलता येत नाही.

एकदा मी चहा घेऊन उंबरठ्याशी आले तर काकी माझ्याबद्दल काहीतरी बोलत होती, बहुतेक खाटेच्या खोळींबद्दल. सासूबाई कपाची वाट बघत बसल्या होत्या. मला बघून त्यांनी आवाज जराही बारीक केला नाही.

"ह्या घरातली सून बरी आसा," त्या काकीला म्हणाल्या. "घर बरां ठेवल्यान हा."

लग्नाला इतकी वर्षं झाली होती, घरच्या बाईकडून हे कधी ऐकलं नव्हतं. मी पाहुणीच्या हातात कप दिला आणि बशीत एक गोड खापरोळी जास्तीची ठेवली.